59 पगड्या ट्रंकेत

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात आजोबांची शिंदेशाही पगडी. पावसाळा सरताना कुणाला हुडहुडी भरली, दिवसाआड ताप येऊ लागला, की मला ती ट्रंक आठवते. मलेरियाचा सगळ्यांत घातक परजीवी, प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम, पगडी फिरवण्यात पटाईत आहे ना!

तांबड्या पेशीत शिरून तो सुमारे 48 तास वाढतो. तेवढा वेळ ती पेशी रक्तात फिरत राहिली, तर प्लीहा तिला गाळून काढेल. म्हणून तो पेशीवर पीएफईएमपी1 नावाचं चिकट प्रथिन आणून बसवतो आणि पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते. (मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या तर जिवावर बेततं.) हे प्रथिन म्हणजेच त्याची पगडी. पण हीच पगडी शरीराला ओळखही पटवते. काही दिवसांत तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात.

अशा पगड्यांची जनुकं त्याच्याकडे सुमारे 60 आहेत. त्यांना व्हार जनुकं म्हणतात. मला विचाराल तर हुशारी 60 असण्यात नाही, 59 बंद ठेवण्यात आहे. सगळ्या एकदम मिरवल्या तर शरीर एकाच आजारपणात सगळ्या ओळखून बसेल. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. बंद जनुकांपाशी या हिस्टोनवर मिथाइलच्या खुणा असतात, त्या खुणांवर एचपी1 हे प्रथिन येऊन बसतं आणि तेवढा भाग घट्ट आवळला जाऊन केंद्रकाच्या कडेला पडून राहतो. जनुकातलं एक अक्षरही बदलत नाही, फक्त ते वाचता येत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हिस्टोनवर खूण करणारं एक विकर काढून टाकलं, तर जवळपास सगळी व्हार जनुकं एकदम बोलू लागली. कुलूपच गेलं!

‘पगडी फिरवतो’ हे आपलं बोलण्यापुरतं. परजीवी ठरवून काही करत नाही. दर पिढीत मोजक्या परजीवींमध्ये चालू जनुक बंद पडून दुसरं उघडतं, एवढंच. प्रतिपिंडं जुन्या पगडीवाल्यांना निकालात काढतात, हे मोजके उरतात, वाढतात, आणि उतरलेला ताप परत चढतो.

एक पगडी मात्र न्यारी: व्हार2सीएसए. ती गरोदर बाईच्या वारेला चिकटते. त्यामुळे मलेरियाच्या मुलखात लहानपणापासून ताप सोसून तयार झालेली बाईसुद्धा पहिल्या खेपेला गाफील सापडते. पुढच्या बाळंतपणांत प्रतिपिंडं हाताशी असतात. इतर पगड्यांच्या मानाने ही परजीवी-परजीवींत कमी बदलते, म्हणून तिच्याविरुद्ध लस करण्याची खटपट चालू आहे.