नोकरी गेली आणि पगारातून ईएसआय कटत होता? मग क्लेम टाका

आमच्या बिल्डिंगमधला एक पोरगा रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला होता. काम कमी झालं म्हणून कंपनीने काही जणांना काढलं, एचआर म्हणाला राजीनामा लिहून द्या, हिशोब लगेच करतो, आणि याने गेटवर उभ्या उभ्या सही केली. आता विचारतोय की सरकारकडून काही मिळतं का. मिळतं रे बाबा, पण त्या सहीने तू अर्धा घोळ करून ठेवलायस.

पगाराची स्लिप काढून बघा. १८,००० पगार असेल तर ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, १३५ रुपये कटलेले दिसतील, म्हणजे पाऊण टक्का, आणि सव्वातीन टक्के कंपनी भरते. याच्यावर फक्त दवाखाना मिळतो असंच सगळ्यांना वाटतं. पण २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना पण आहे, नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मे पैसे, आधी पाव होते, कोरोनात निम्मे केले. आयुष्यात एकदाच मिळतात. योजनेला मुदत वाढवून वाढवून चालवतायत, त्यामुळे सध्या चालू आहे ना ते आधी बघून घ्या.

अट अशी की ईएसआयमध्ये निदान दोन वर्षं झालेली पाहिजेत. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे हप्ते धरतात, नोकरी जायच्या लगेच आधीच्या हप्त्यात निदान ७८ दिवसांचे ईएसआयचे पैसे भरलेले हवेत आणि त्याच्या आधीच्या तीनपैकी कुठल्याही एकात ७८. गैरवर्तनासाठी काढलं असेल, रिटायर झाला असाल किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली असेल तर नाही.

हिशोबात एक मेख आहे. चार हप्त्यांची सगळी कमाई भागिले ७३०, म्हणजे दोन वर्षांचे दिवस, मग त्याचं निम्मं. दोन वर्षं सलग १८,००० घेतले तर दिवसाला साधारण २९६, नव्वद दिवसांचे साडेसव्वीस हजारांच्या आसपास. पण मधे वर्षभर घरी बसला असाल तरी भागायचे ७३० नेच, मग रक्कम सरळ अर्धी.

क्लेम नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी. ईएसआयच्या पोर्टलवर आयपी नंबरने (तुमचा विमा नंबर) लॉगिन करून भरायचा, कंपनीच्या हातापाया पडायची गरज नाही, मग प्रिंट, आधारची झेरॉक्स आणि पासबुकचं पहिलं पान घेऊन ईएसआयच्या आपल्या शाखा कार्यालयात. आधारवरचं आणि ईएसआयवरचं नाव एकच आहे का ते आधी बघा, एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी चकरा सुरू. पुढच्या दिवसांचे पैसे आगाऊ मिळत नाहीत आणि नवीन काम लागलं की त्या दिवसापासून बंद. दिवसाला तीनशे रुपयांत ठाण्यात कोण आरामात बसणार, त्यामुळे असे पैसे दिले तर लोक काम न करता फुकट खातील ही भीती मला तरी पटत नाही.

आता त्या सहीचं. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना म्हणून दुसरी एक आहे, ती मोठी आहे, २४ महिने चालते, पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मे, दुसऱ्या वर्षी पाव, शिवाय नवीन काम शिकायला ट्रेनिंगची फी. पण ती कंपनी बंद पडली, कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघातात निदान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं तरच. कंपनीने ईएसआयच्या रेकॉर्डला 'रिट्रेंचमेंट' (कपात) टाकलं की नुसतं 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली), इथेच सगळं अडतं, आणि हातात तुमचाच राजीनामा असल्यावर कंपनी दुसरं काय टाकणार? म्हणून काढतायत तर काढल्याचं पत्र मागा, दोन दिवस लागले तर लागू देत.

आणि तुर्भ्याला, महापेला कुठे नवीन जॉइन झालात तर जुनाच आयपी नंबर द्या. घाईत नवीन काढून देतात, आणि मग दोन वर्षं पहिल्यापासून मोजत बसावी लागतात.