शिडीवरची पायरी आणि कालचा दिवस

दरवर्षी मार्चमध्ये जागतिक आनंद अहवालाची बातमी येते. फिनलंड पहिला, भारत शंभराच्या पलीकडे. मग नाशिकमध्ये मिसळीच्या टेबलावर तिची यथेच्छ टिंगल होते. ‘तिकडं हिवाळ्यात दिवस उजाडत नाही, आणि म्हणे सगळ्यात आनंदी!’ २०२५च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८वा होता. टिंगल करणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण त्या यादीसाठी लोकांना ‘तुम्ही आनंदात आहात का’ असं विचारलेलंच नसतं, आणि हे बातमीत क्वचितच सांगतात. विचारलेली असते एक शिडी.

हा शिडीचा प्रश्न हॅडली कँट्रिल या अमेरिकी संशोधकानं १९६५च्या आपल्या ग्रंथात मांडला. सगळ्यात खाली शून्य, सगळ्यात वर दहा. दहावी पायरी म्हणजे तुमच्या लेखी तुम्हाला लाभू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य. शून्य म्हणजे वाईटातलं वाईट. सध्या तुम्ही कितव्या पायरीवर? उत्तर देताना माणूस मनात हिशेब मांडतो. घर झालं का, हप्ते किती राहिले, मुलगा कुठं चिकटला, मुलीचं जमलं का. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या जागतिक पाहणीत हा प्रश्न असतो आणि देशांची क्रमवारी त्याच्या तीन वर्षांच्या सरासरीवर लागते.

दुसरा प्रश्न कालच्या दिवसाचा. काल खळखळून हसलात का? काळजी, ताण, राग, दुःख यातलं काय काय वाट्याला आलं? गॅलप हेही विचारतं, पण क्रमवारीत धरत नाही. हसण्याखेळण्याच्या या उत्तरांत लॅटिन अमेरिकेतले देश वर्षानुवर्षं पुढे असतात. संशोधक पहिल्याला जीवनाबद्दलचं समाधान म्हणतात, दुसऱ्याला अनुभवलेला आनंद. वर्तमानपत्रं दोन्हींचा मथळा एकच करतात, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर असलेला कामगार घ्या. सात महिने भरले, ठेकेदारानं ‘ब्रेक’ दिला. आता तो सकाळी साडेपाचला उठून फर्स्ट शिफ्टची बस पकडत नाही. मुलीला शाळेत सोडतो, सिडकोत मित्राच्या दुकानासमोर दोन तास काढतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी आईला घेऊन भाजी आणतो. त्याचा कालचा दिवस तासातासानं विचारला तर आकडा तसा वाईट येणार नाही. पण शिडी विचारा. सासरी काय सांगायचं, मोटरसायकलचा हप्ता कुठून आणायचा, पुढच्या वेळी ठेकेदार परत घेईल की नाही, हे सगळं त्या एका उत्तरात येतं आणि तो झपकन दोनतीन पायऱ्या खाली उतरतो.

हा कामगार मी रचलेला आहे, पण नमुना खरा आहे. २०१० साली चार जर्मन अर्थतज्ज्ञांनी नोकरी असलेले आणि नसलेले लोक तुलनेला घेतले. बेकारांचं आयुष्याबद्दलचं समाधान बरंच कमी निघालं. तेच काम करताना, तीच गोष्ट करताना त्यांना नोकरदारांपेक्षा उदासही जास्त वाटत होतं. पण त्यांच्या दिवसात ऑफिस आणि प्रवास नव्हता, बरे वाटणारे तास जास्त होते. त्यामुळे दिवसाची सरासरी जवळपास सारखीच आली. ‘घरी बसून मजेत आहे की तो’ असं म्हणणारे शेजारी फक्त दुसरा प्रश्न बघत असतात.

पंचवटी एक्स्प्रेसनं नाशिकरोडहून रोज मुंबई गाठणाऱ्या पासधारकाचं उलटं होईल असं वाटतं. पगार मुंबईचा, घर नाशिकचं, मुलं आजी-आजोबांजवळ. शिडीवर वर, दिवस मात्र प्रवासात वाया. पण श्टुत्झर आणि फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या अर्थतज्ज्ञांनी जर्मन आकडेवारीवर २००८ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष वेगळा आहे: लांबचा प्रवास करणाऱ्यांची शिडीसारख्या प्रश्नावरची उत्तरंही खालीच होती. चांगला पगार किंवा चांगलं घर त्या तासांची पूर्ण भरपाई करत नव्हतं. अर्थात त्या जर्मनांना पासधारकांच्या डब्यातली गप्पा मारणारी, वाढदिवस साजरे करणारी मंडळी मिळालेली नव्हती, आणि माणसाचा मूड सोबतीनं चांगलाच बदलतो हे या क्षेत्रात पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. तेव्हा नाशिककरांचं उत्तर वेगळं येऊ शकेल, एवढंच म्हणतो.

सगळ्यात जास्त घोळ मुलांच्या बाबतीत झाला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचे प्रसंग एकेक करून लिहून घेतले आणि प्रत्येक प्रसंगी कसं वाटत होतं ते विचारलं. मुलांना सांभाळण्याचे तास टीव्ही पाहण्याच्याच काय, स्वयंपाकाच्याही खाली गेले. जगभर मथळे झाले की मुलं सुख देत नाहीत. इंदिरानगरमधली एखादी आई हा निकाल वाचून हसेल, पण खोटा म्हणणार नाही. साडेसहाला डबा, एक बूट सापडत नाही, खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवताहेत, आणि ‘प्रोजेक्टला थर्माकोल लागणार होतं’ हे आत्ता सांगितलं जातंय. त्या अर्ध्या तासाला ती दहापैकी किती देईल?

पण तीच पोरगी रात्री शाळेतल्या बाईंची नक्कल करते आणि घर हसून लोटपोट होतं. तेही ‘काल’मध्येच मोडतं. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन आणि मानसशास्त्रज्ञ आर्थर स्टोन यांनी २०१४ साली अमेरिकेतल्या लाखो उत्तरांवरून दाखवलं की शिक्षण, उत्पन्न, धर्म, प्रकृती वगैरे फरक बाजूला काढले तर घरात मुलं असणाऱ्यांची आणि नसणाऱ्यांची शिडी जवळपास सारखीच असते. फक्त मुलं असणाऱ्यांच्या रोजच्या दिवसात आनंदही जास्त आणि ताणही जास्त. म्हणजे कालचा दिवस हाही एक आकडा नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच वेळी वाढू शकतात.

माझं एक मत इथं सांगून टाकतो. आपल्याकडे घरातल्या बाईला शिडी विचारली तर ती बऱ्याचदा घराची पायरी सांगते. नवऱ्याची नोकरी, मुलाचे मार्क, सासऱ्यांचं ऑपरेशन नीट झालं हे सगळं धरून. तिच्या स्वतःच्या दिवसाचं काय झालं हे शोधायचं असेल तर कालचा प्रश्नच विचारायला हवा, तोही ती एकटी असताना. शेजारी सासू बसली असेल तर ‘सगळं छान आहे’ याखेरीज काही हाती लागत नाही.

लग्न, घटस्फोट, वैधव्य याबद्दलची चांगली माहिती प्रामुख्यानं शिडीसारख्या प्रश्नावरून आली आहे, कारण जर्मनीत १९८४पासून त्याच कुटुंबांना दरवर्षी समाधान विचारलं जातं. तिथं सरासरीनं लग्नाच्या सुमाराला समाधान वर जातं आणि काही वर्षांत मूळ पातळीजवळ येतं. घटस्फोटाआधीच ते घसरलेलं असतं आणि नंतर हळूहळू सावरतं. जोडीदार गेल्यावर सावरायला अनेक वर्षं लागतात. याला ठळक अपवाद पुरुषांच्या बेकारीचा: तिची सवय होत नाही. एकत्र कुटुंबाचे कैवारी २०२५च्या आनंद अहवालातला एक निष्कर्ष हमखास सांगतील, की मेक्सिको आणि युरोपात चार-पाच माणसांच्या घरांत समाधान सर्वाधिक दिसलं. खरं आहे, पण त्यातल्या पुष्कळ घरांत चार-पाच म्हणजे नवरा-बायको आणि मुलं. चुलत्यांसकट वाडा नव्हे.

आता विचारण्याच्या क्रमाबद्दल. १९८८ साली स्ट्राक, मार्टिन आणि श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले: आयुष्यात किती सुखी आहात, आणि गेल्या महिन्यात किती डेट झाल्या. सुखाचा प्रश्न आधी असताना दोन उत्तरांचा जवळपास संबंध नव्हता (सहसंबंध उणे ०.१२; शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण). डेटचा आधी विचारला तर हाच सहसंबंध ०.६६ झाला. आपल्याकडच्या फॉर्मवर पहिल्याच पानावर वैवाहिक स्थिती, मुलं किती, मासिक उत्पन्न असतं आणि शिडी शेवटी येते. पस्तिशीच्या अविवाहित माणसाला ‘लग्न?’ विचारून मग पायरी विचारली तर तो कशाचं उत्तर देईल हे सांगायला नको. म्हणून ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१३च्या मार्गदर्शिकेत हे प्रश्न सर्वेक्षणात लवकर घ्यायला सांगितलं आहे. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय २०११पासून चार प्रश्न वेगवेगळे विचारतं: समाधान, आपण करतो ते सार्थकी लागतं का, कालचा आनंद आणि कालची चिंता. चारही आकडे वेगवेगळेच छापतं, त्यांची बेरीज करत नाही.