इंग्लंडमधली तात्पुरती बिऱ्हाडं

मार्च २०२५ अखेर इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी, म्हणजे स्थानिक पालिकांनी, दिलेल्या तात्पुरत्या जागांत सव्वा लाखाहून जास्त बिऱ्हाडं होती, त्यातली बहुतांश मुलाबाळांची. यातलं ‘तात्पुरतं’ किती दिवसांचं, याला कायद्यात सरसकट मुदत नाही.

१९४८ च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टने जुना पुअर लॉ, म्हणजे गरिबांसाठीचा कायदा, मोडीत काढला आणि अचानक बेघर झालेल्यांना आसरा देण्याचं काम कौन्सिलच्या कल्याण खात्याकडे दिलं. डोळ्यांसमोर आग-पुरासारखी संकटं होती. दारात आली ती घरमालकाने काढलेली कुटुंबं, आणि त्यांची सोय अनेकदा जुन्या वर्कहाउसांत, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या इमारतींत, झाली. बाई आणि मुलं आत, नवरा बाहेर. केंटमधल्या किंग हिल वसतिगृहात हाच नियम होता, वर तीन महिन्यांची मुदत. १९६५ मध्ये नवऱ्यांनी आतच मुक्काम ठोकला. प्रकरण कोर्टात गेलं, काही जण तुरुंगात गेले आणि अखेर नियम सैल झाले.

१९७७ चा बेघरांचा कायदा आइल ऑफ वाइटचे लिबरल खासदार स्टीफन रॉस यांच्या खासगी विधेयकातून (सरकारने नव्हे, एका खासदाराने मांडलेल्या) आला. काम गृहनिर्माण खात्याकडे गेलं आणि कुटुंब एकत्र ठेवणं बंधनकारक झालं. पण ‘फुकटे घुसतील’ या ओरडीमुळे चाळण्याही बसल्या: अर्जदाराच्या घरात मुलं, गरोदर बाई किंवा दुबळं माणूस आहे का, त्या भागाशी नातं आहे का, आणि घर स्वतःच्या करणीने गेलं का. शेवटची चाळणी आजही नडते. नोटीस आली की घाबरून, बेलिफ (कोर्टाचा जप्ती-अंमलदार) येण्याआधीच घर सोडणाऱ्यावर ‘जाणूनबुजून बेघर’ असा शिक्का बसू शकतो.

पुढे १९८० पासून कौन्सिलची घरं भाडेकरूंना सवलतीत विकली गेली आणि तेवढी नवी बांधली गेली नाहीत. कुटुंबं गेस्टहाउसांत जाऊ लागली. लंडनच्या हिलिंग्डनमधलं एक जोडपं दोन मुलांसह एकाच खोलीत होतं, स्वयंपाकाची सोय नव्हती. १९८६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की हीसुद्धा ‘राहण्याची जागा’च. पिंपात राहणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिसला मात्र बेघर म्हणता येईल, अशी पुस्ती न्यायमूर्तींनी जोडली! त्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला.

एप्रिल २००४ पासून मुलं असलेल्या किंवा गरोदर बाई असलेल्या कुटुंबाला बी अँड बीमध्ये (खोली आणि नाश्ता देणाऱ्या गेस्टहाउसात) ठेवायचं तर दुसरी जागा नसेल तेव्हाच, तेही सहा आठवड्यांपर्यंत. नाश्ता मिळतो की नाही याला महत्त्व नाही. संडास, न्हाणी किंवा स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाबरोबर वापरावं लागतं का, हे पाहतात. पळवाट इथेच आहे: कौन्सिलच्या मालकीच्या वसतिगृहाला ही मुदत लागू नाही, आणि रोजच्या भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र खोलीला, कोपऱ्यात शेगडी, शॉवर आणि संडास असला की, तीही लागू नाही.

पैशाचं गणित त्याहून वाकडं. खासगी मालकाकडून घेतलेल्या अशा जागांसाठी केंद्राकडून कौन्सिलला मिळणारा परतावा जानेवारी २०११ च्या भाडेदराला बांधला गेला. भाडी वाढत गेली, हा दर कित्येक वर्षं हलला नाही. फरक कौन्सिलच्या तिजोरीतून जातो. म्हणून लंडनमधली कुटुंबं दूरच्या स्वस्त गावांत पाठवली जातात आणि मुलांची शाळा तुटते.

३ एप्रिल २०१८ पासून लागू झालेला बेघरपणा कमी करण्याचा कायदाही खासगी विधेयकातूनच आला, हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांच्या. आता घर जाण्याच्या ५६ दिवस आधीपासून कौन्सिलने मदत करायची. बेघर झाल्यावर आणखी ५६ दिवस घर शोधून द्यायला हातभार लावायचा. मुलांसह कुटुंबाला मधल्या काळात जागा द्यायची, आणि त्यानंतरही सोय झाली नाही व चाळण्या पार झाल्या, तर मुख्य जबाबदारी, म्हणजे कायमची सोय होईपर्यंत जागा देण्याची, लागू होते. ती लागू झाल्यावर मिळालेली जागा अयोग्य वाटली तरी थेट नाकारू नये, कारण नकार दिल्यास जबाबदारीच संपू शकते. जागा घ्यावी आणि २१ दिवसांत लेखी फेरतपासणी मागावी. मधल्या काळातल्या जागेला ही फेरतपासणी लागू नाही. तिथे वकिलामार्फत हायकोर्ट एवढाच रस्ता.