परदेशातील क्रेडिट कार्ड फसवणूक आणि ग्राहकाचे दायित्व

भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशात धारकाच्या संमतीविना व्यवहार झाला, तर नुकसान कोणी सोसायचे हे भारतातील नियमांवरून ठरते. अमेरिकी कायद्यात अशा नुकसानीची कमाल मर्यादा ५० डॉलर आहे. पण सांगलीच्या शाखेतून घेतलेल्या कार्डाला न्यूयॉर्कमध्येही भारतीय रिझर्व्ह बँकेचेच नियम लागतात.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील असोत वा हळद-बेदाण्याच्या सौद्यासाठी फिरणारे व्यापारी, सांगलीकर प्रवाशाला धोका एकाच बाबतीत वेगळा जाणवतो. देशात ऑनलाइन खरेदीला २००९ पासून जादा पडताळणी सक्तीची आहे. अनेक परदेशी संकेतस्थळे मात्र ओटीपी मागत नाहीत. कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. म्हणूनच २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डाचा परदेशी वापर मुळात बंद असतो आणि तो ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. निघताना तो सुरू करून मर्यादा कमी ठेवणे आणि परतल्यावर पुन्हा बंद करणे, ही सवय प्रत्येक घरात रुजायला हवी.

जबाबदारीची वाटणी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, उदाहरणार्थ पेट्रोल पंपावरील यंत्रातून कार्डाची माहिती चोरली गेली, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास दायित्व शून्य. चार ते सात दिवस लागले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या कार्डावर २५,००० रुपये. त्यापुढे बँकेचे स्वतःचे धोरण. पिन किंवा ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे; कळवल्यानंतरचे बँकेचे.

हे दिवस मोजले जातात ते ग्राहकाच्या मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे, आणि संदेश मिळाल्याचा दिवस त्यात धरत नाहीत. विश्रामबाग शाखेच्या ग्राहकाला ॲमस्टरडॅममध्ये शुक्रवारी संदेश आला, शनिवार महिन्यातला दुसरा असला आणि सोमवारी गणेश चतुर्थीची सुट्टी आली, तर मोजणी मंगळवारपासून सुरू होते. ही सवलत मोलाची आहे, पण तिच्या भरवशावर थांबू नये. कार्ड ब्लॉक होईपर्यंत चोराचा हात मोकळाच असतो.

खरी अडचण संदेशाची. परदेशात उतरल्यावर तिथले सिम घालून भारतीय क्रमांक बंद ठेवणारे पुष्कळ. संदेश पोचल्याची वेळ आणि ग्राहकाच्या उत्तराची वेळ बँकेच्या यंत्रणेत नोंदवली जाते, वाद झाला की तीच पाहिली जाते. त्यामुळे भारतीय क्रमांकावर रोमिंग चालू ठेवावे आणि ईमेलही बँकेत नोंदवावा. कार्डाशिवाय वेगळ्या कागदावर बँकेचा परदेशातून लागणारा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. तक्रार केल्यावर तिचा क्रमांक मागून घ्यावा.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती परत जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवरच आहे. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही.