लघवीच्या बाटलीत मेंदू सापडतो का?

गेल्या महिन्यात मालाडचा भाचा आला तो चार पानी रिपोर्ट घेऊनच. मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं मोजलेली: सेरोटोनिन कमी, डोपामिन जास्त, पुढे लाल बाण. झोप नाही, कामात लक्ष नाही, म्हणून त्याने ऑनलाइन टेस्ट मागवली होती. सकाळची लघवी कुरिअरने पाठवायची. सोबत गोळ्यांची यादी, आणि गोळ्या विकणारेही तेच! "मावशी, माझ्या मेंदूचा केमिकल बॅलन्स गेलाय."

लघवीत डोपामिन असतं, ते खोटं नाही. पण त्यातलं बहुतेक मूत्रपिंडानेच बनवलेलं. सेरोटोनिनचं तर शरीरातलं सुमारे 90 टक्के आतड्यांत तयार होतं. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ते अडवते. ट्रिप्टोफॅन हा कच्चा माल मात्र आत जातो आणि मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. वापर होतो तो दोन पेशींमधल्या फटीत, मिलिमीटरच्या साधारण 50 हजाराव्या भागाएवढ्या. लघवीवरून तिथला हिशेब सांगणं म्हणजे दादरची गर्दी मोजून बोरिवलीच्या एका घरात किती पाहुणे आलेत ते सांगणं. डॉक्टरही लघवीतून सेरोटोनिनचा अवशेष मोजतात, पण आतड्यातल्या विशिष्ट गाठींचा संशय आला तर. त्याआधी केळी, अननस, अक्रोड बंद ठेवायला सांगतात, कारण नुसत्या केळ्यांनीही आकडा चढतो.

मग हे 'बॅलन्स' आलं कुठून? एक धागा परळपर्यंत येतो. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली उच्च रक्तदाबावर सर्पगंधा कशी चालते ते ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं करतं, हे पुढे दिसलं. काही रुग्ण त्यावर उदास झाले. उलट, क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्ण उत्साही झाले. या दोन टोकांवरून 'रसायन कमी म्हणजे नैराश्य' ही कल्पना उभी राहिली. कल्पना सुटसुटीत होती, जाहिरातीला तर फारच सोयीची. पण 2022 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याचा भक्कम पुरावा सापडला नाही. औषधं मात्र अनेकांना उपयोगी पडतात. बाम चोळून डोकं उतरतं, म्हणून शरीरात बाम कमी पडला होता असं कुणी म्हणत नाही. (हे वाचून चालू गोळ्या परस्पर बंद करू नका.)

भाच्याच्या यादीत 5-एचटीपी होतं. ते सेरोटोनिन वाढवतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत घेतलं तर ताप, थरथर, गोंधळ असा धोकादायक त्रास होऊ शकतो. तो अशा गोळ्या घेत नव्हता, हे नशीब.

त्याची नाइट शिफ्ट असते. पहाटे चार ते सहा तीन कटिंग, मग सकाळी नऊला अंथरूण. दिवसभराच्या जागेपणात मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं आणि झोप येते. चहातलं कॅफीन त्याचीच जागा अडवून बसतं, आणि अर्धं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट उघडलाही नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), थायरॉइड, बी12 करायला सांगितलं. घरी शुद्ध शाकाहार, बी12 बरंच कमी निघालं. त्याची इंजेक्शनं सुरू झालीत. चहाबद्दल मात्र तो अजून वाद घालतो.