बालशिक्षकांचे श्रेयांक हस्तांतरण : कॅलिफोर्नियातील व्यवस्था

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात शाळापूर्व वयाच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांनी एका महाविद्यालयात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या महाविद्यालयात, विद्यापीठात किंवा राज्याच्या परवान्यासाठी मान्य करून घेण्याची व्यवस्था. तेथे श्रेयांकाला ‘युनिट’ म्हणतात. या क्षेत्रातील बहुतेक शिक्षक, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रियाच असतात, नोकरी सांभाळून संध्याकाळी एक-दोन विषय घेतात. घर बदलले की महाविद्यालय बदलते. त्यामुळे दहा-बारा वर्षांत एकेकीची युनिटे तीन-चार ठिकाणी विखुरतात. ती एकत्र जुळवली नाहीत, तर एकदा शिकलेला विषय पुन्हा पैसे भरून शिकण्याची पाळी येते.

युनिटे नेमकी कशासाठी हवीत, हे आधी ठरवावे लागते. खाजगी बालशाळेत पूर्ण पात्र शिक्षक म्हणून उभे राहण्यासाठी राज्याच्या अनुज्ञप्ती नियमांनुसार बालशिक्षणाची 12 सत्र-युनिटे (सहामाही सत्राच्या हिशेबाची युनिटे) आणि सहा महिन्यांचा अनुभव लागतो. त्यांत बालविकास, कुटुंब व समाज, आणि अभ्यासक्रम हे विषय यायलाच हवेत. सरकारी अनुदानाच्या केंद्रात मात्र शिक्षक-परवाना आयोगाचा बालविकास परवाना मागतात. त्याच्या दीर्घकाळ चालत आलेल्या तक्त्यात सहयोगी शिक्षकाला 12 युनिटे, तर शिक्षकाला बालशिक्षणाची 24 आणि सामान्य शिक्षणाची 16 युनिटे लागतात. शिवाय चार वर्षांच्या आत 175 दिवस, दररोज किमान तीन तास काम केल्याचा पुरावा. ही 16 युनिटे भाषा, गणित किंवा विज्ञान, सामाजिक शास्त्रे, आणि मानव्यविद्या किंवा कला या चार गटांत विभागलेली असावी लागतात. सार्वजनिक शाळांतील चार वर्षांच्या मुलांच्या वर्गासाठी शिक्षकाकडे शिकवण्याच्या अधिकृत पात्रतेखेरीज बालशिक्षणाची 24 युनिटे, त्या युनिटांच्या तोडीचा अनुभव किंवा बालविकास परवाना असावा, अशी अट 1 ऑगस्ट 2025 पासून पूर्णपणे लागू झाली. पदवीचा हिशेब याहून वेगळा आहे. परवान्याला चालणारे युनिट पदवीच्या मुख्य विषयात धरले जाईलच असे नाही.

आठ विषयांचा गाभा

पूर्वी एकाच नावाचा विषय दोन महाविद्यालयांत वेगवेगळ्या आशयाने शिकवला जाई आणि हस्तांतरण तिथेच अडे. त्यावर उपाय म्हणून अभ्यासक्रम जुळवणी प्रकल्पातून सामुदायिक महाविद्यालयांसाठी (म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयांसाठी) आठ समान विषय ठरले : बालकाची वाढ व विकास; बालक, कुटुंब व समाज; बालशिक्षणाची तत्त्वे व पद्धती; अभ्यासक्रमाची ओळख; निरीक्षण व मूल्यमापन; आरोग्य, सुरक्षितता व पोषण; विविधतेच्या समाजात अध्यापन; आणि प्रात्यक्षिक. प्रत्येकी तीन याप्रमाणे 24 युनिटे होतात. प्रत्येक विषयाला राज्यभर सारखा ओळख-क्रमांक असतो. महाविद्यालयाचा स्वतःचा विषय-क्रमांक कोणताही असो, हा राज्यस्तरीय क्रमांक जुळला की हस्तांतरणात सहसा वाद उरत नाही. नोंदणीपूर्वी माहितीपुस्तिकेत तो पाहून घेणे हे सर्वांत स्वस्त विमापत्र आहे.

2010 मध्ये झालेल्या कायद्याने हस्तांतरणासाठी खास सहयोगी पदवी (दोन वर्षांच्या अभ्यासाची) आली. बालशिक्षणात ती 60 सत्र-युनिटांची असते. तिच्यात वरील आठ विषय आणि सामान्य शिक्षणाचा ठरलेला संच येतो. 2025 च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी हा संच राज्यभर एकच असून तो 34 युनिटांचा आहे. बालविकासाचा विषय बहुतेक ठिकाणी सामाजिक शास्त्रांतही धरला जातो, म्हणून त्याचा दुहेरी उपयोग होतो. ही पदवी घेतलेल्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते. मात्र मनाजोग्या आवाराची नव्हे. तसेच 120 युनिटांच्या सुसंगत पदवीसाठी पुढे 60 पेक्षा जास्त युनिटे मागता येत नाहीत. साधी सहयोगी पदवी, किंवा केवळ बालशिक्षणाचे प्रमाणपत्र, यांना हे संरक्षण नाही. नावे इतकी सारखी असतात की विद्यार्थी नकळत दुसऱ्याच मार्गाला लागतात. समुपदेशकाने हा फरक पहिल्याच भेटीत सांगायला हवा.

युनिटे कुठे गळतात

सर्वांत मोठी गळती सत्र आणि तिमाही यांच्या हिशेबात होते. एक तिमाही-युनिट म्हणजे दोन-तृतीयांश सत्र-युनिट. कुपरटिनो येथील डी अँझा महाविद्यालय तिमाही पद्धतीने चालते. अशा ठिकाणी चार युनिटांचे सहा विषय पुरे केले की 24 हा आकडा दिसतो, पण सत्र-युनिटांत ती 16 च भरतात. परवान्याच्या 24 साठी 36 तिमाही-युनिटे लागतात. अर्ज परत येईपर्यंत हे अनेकींच्या लक्षातच येत नाही.

दुसरी गळती श्रेणीची. परवान्यासाठी आणि पदवीच्या मुख्य विषयासाठी ‘सी’ किंवा वरची श्रेणी हवी. ‘डी’ मिळालेला विषय गुणपत्रकावर उत्तीर्ण दिसतो, पण इथे कामी येत नाही.

तिसरी गळती जास्त फसवी असते. विद्यापीठ युनिटे स्वीकारते, पण ती ऐच्छिक म्हणून टाकते. एकूण बेरीज वाढते आणि मुख्य विषयाची अट तशीच राहते. परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठीचा जन्म ते वृद्धत्व असा विकास-मानसशास्त्राचा विषय बालविकासाच्या जागी सहसा चालत नाही, तो यामुळेच. सामुदायिक महाविद्यालयातील विषय पदवीच्या पहिल्या दोन वर्षांच्या स्तराचे असल्याने विद्यापीठाच्या वरच्या स्तराची, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांची, अटही ते भागवू शकत नाहीत. या महाविद्यालयांतून स्टेट युनिव्हर्सिटी जास्तीत जास्त 70 सत्र-युनिटे घेते. त्यापुढच्या विषयांतून विषयाची अट सुटू शकते, युनिटे मात्र मिळत नाहीत.

प्रशिक्षणाचे तास म्हणजेही युनिटे नव्हेत. राष्ट्रीय पातळीवरील बालविकास सहयोगी या प्रमाणपत्रासाठी 120 तासांचे प्रशिक्षण आणि 480 तासांचे प्रत्यक्ष काम लागते. हे प्रशिक्षण एखाद्या संस्थेच्या कार्यशाळांतून घेतले, तर ते आपोआप युनिटांत उतरत नाही. पूर्वशिक्षणाचे श्रेयांक देण्याचे धोरण असलेल्या महाविद्यालयात नाव नोंदवून अर्ज करावा लागतो, आणि मिळतील ती युनिटे पुढचे विद्यापीठ मानते का, हेही विचारून घ्यावे लागते. तेच प्रशिक्षण सुरुवातीपासून महाविद्यालयीन विषयांतून घेतले, तर प्रमाणपत्र आणि युनिटे दोन्ही हाती येतात.

भारतातील शिक्षण

बे एरियातील (सॅन फ्रान्सिस्को परिसरातील) अनेक मराठी स्त्रिया भारतातील पदवी घेऊन या क्षेत्रात येतात. ती पदवी वाया जात नाही. वाणिज्य किंवा कला शाखेतील इंग्रजी, सांख्यिकी, अर्थशास्त्र, इतिहास यांतून सामान्य शिक्षणाची 16 युनिटे बहुतेकदा भरून निघतात. त्यासाठी विषयवार मूल्यमापन लागते; ‘ही पदवी तेथील पदवीच्या तोडीची’ एवढेच सांगणारा अहवाल पुरत नाही. परवाना आयोगाची मूल्यमापन संस्थांची स्वतःची यादी आहे. नोकरीसाठी आधी करून घेतलेला अहवाल यादीबाहेरच्या संस्थेचा असेल, तर खर्च पुन्हा करावा लागतो. एसएनडीटी महिला विद्यापीठासारख्या ठिकाणी मानवविकास शिकलेल्यांचे काही विषय बालशिक्षणातही धरले जाऊ शकतात. खाजगी संस्थांच्या मॉन्टेसरी पदविका मात्र विद्यापीठाच्या नसल्याने सहसा युनिटांत बदलत नाहीत. श्रेयांकांचे आकडेही जसेच्या तसे नेता येत नाहीत : इग्नूचा एक श्रेयांक 30 अभ्यास-तासांचा, तर कॅलिफोर्नियाचे एक सत्र-युनिट किमान 48 तासांच्या एकूण कामाचे असते.

अर्जाचा क्रम

प्रथम सर्व महाविद्यालयांची अधिकृत गुणपत्रके मागवावीत. एका महाविद्यालयाच्या पत्रकावर दुसऱ्याची युनिटे नोंदलेली असली तरी मूळ पत्रक लागतेच. सर्व आकडे सत्र-युनिटांत आणून एका तक्त्यात मांडावेत. मग ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आपले महाविद्यालय, इच्छित विद्यापीठ आणि विषय शिकलेले वर्ष निवडून जुळणी पाहावी. वर्ष चुकले की उत्तर चुकते, कारण करार दरवर्षी बदलू शकतात. खाजगी व राज्याबाहेरची महाविद्यालये तेथे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी विभागप्रमुखाकडे विनंतीअर्ज करावा लागतो. त्याला विषय शिकलेल्या सत्राचाच तपशीलवार पाठ्यक्रम जोडावा : आठवड्यांचे नियोजन, पाठ्यपुस्तक, तास, मूल्यमापनाची रीत. माहितीपुस्तिकेतील तीन ओळींच्या वर्णनावर असे अर्ज बहुधा फेटाळले जातात. प्रात्यक्षिकाच्या विषयासाठी मुलांच्या वयोगटाचा आणि तासांचा सहीनिशी दाखलाही जोडावा. म्हणून प्रत्येक विषयाचा पाठ्यक्रम सत्र संपतानाच जपून ठेवावा. महाविद्यालये जुने पाठ्यक्रम कायम ठेवतातच असे नाही, आणि शिकवणारे अध्यापकही तोवर दुसरीकडे गेलेले असतात.