उन्हाळ्याला आत न घेणारी थडगी

सायबेरियातल्या ‘शापित राजकन्ये’ची एक चित्रफीत दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर उगवते. भेसूर संगीत, गोंदलेल्या हाताचं छायाचित्र, ‘थडगं उघडलं आणि धरणी कोपली’ असा मजकूर, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: विज्ञानाकडे याचं उत्तर नाही. धरणी का कोपली ते पुढे बघू. पण अडीच हजार वर्षांपूर्वी मातीत गेलेल्या बाईची कातडी आणि तिच्यावरचं गोंदण शिल्लक राहिलंच कसं, हा प्रश्न ती चित्रफीत विचारतच नाही. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

रशिया, कझाकस्तान, चीन आणि मंगोलिया यांच्या सीमा जिथे जवळ येतात त्या अल्ताय पर्वतात, सुमारे २५०० मीटर उंचीवर, उकोक नावाचं पठार आहे. १९९३ मध्ये पुरातत्त्वज्ञ नतालिया पोलोस्माक यांच्या चमूला तिथे बर्फात गोठलेलं हे थडगं सापडलं. लार्च या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्याची शवपेटी, सोबत पुरलेले सहा घोडे, एका दगडी ताटलीत धणे, आणि डाव्या खांद्यावर गिधाडासारखी चोच असलेलं हरीण गोंदलेलं. ती राजकन्या असल्याचा काही पुरावा नाही. ‘राजकन्या’ ही वर्तमानपत्रांची देणगी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय तपासणीत मात्र स्तनाच्या कर्करोगाची चिन्हं आढळली.

ही माणसं पाझिरिक संस्कृतीची. इसवी सनपूर्व पाचव्या ते तिसऱ्या शतकांत अल्तायमध्ये घोडे आणि मेंढ्या राखणारी, सिथियन या घोडेस्वार भटक्या लोकांशी नातं सांगणारी. त्यांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही. स्टेपच्या, म्हणजे युरेशियातल्या गवताळ मैदानांच्या, भटक्यांविषयी आपण जे वाचतो ते ग्रीकांनी, चिन्यांनी, इराण्यांनी लिहिलेलं, म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या घोड्यांना घाबरणाऱ्यांनी. त्यांचं जगणं लाकूड, चामडं, लोकर आणि नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या कापडाचं. या वस्तू मातीत टिकत नाहीत, मग संग्रहालयात उरतात फक्त बाणांची टोकं आणि सोनं, आणि आपली समजूत होते की हे लोक लढण्यापलीकडे काही करतच नव्हते.

अल्तायमधल्याच पाझिरिक खोऱ्यातल्या, दगडांच्या ढिगाऱ्यांखालच्या थडग्यांनी ती समजूत मोडली. १९२९ मध्ये मिखाईल ग्र्याझ्नोव्ह यांनी पहिलं मोठं थडगं खणलं, आणि १९४७ ते १९४९ या काळात सर्गेई रुदेन्को यांनी आणखी चार. बर्फ वितळवायला गरम पाणी ओतत ओतत काम चालायचं. पाचव्या थडग्यातून निघालेला गाठींचा गालिचा, सुमारे १.८ बाय २ मीटरचा, आज जगातला सर्वांत जुना जवळजवळ अखंड गालिचा मानला जातो. शिवाय चिनी रेशीम, नमद्याचे राजहंस, घोड्यांसाठी हरणाच्या शिंगांचे मुखवटे. एका भांड्यात तापवलेल्या दगडांबरोबर भांगेचं जळकं बी होतं. सिथियन लोक तंबूत भांगेचा धूर घेतात, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं होतं. म्हातारा थापा मारत नव्हता.

दगडांखाली पुरण्याची रीत काही अल्तायपुरती नाही. आपल्या विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी आणि माहुरझरी इथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. त्या लोकांचा स्टेपशी संबंध जोडायची घाई करू नये. पण तिथेही घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार सापडले आहेत. ते अलंकार ज्या चामड्यावर बसवले असतील ते मात्र केव्हाच गेलं. वरती दगडच, खाली घोडेच, मग अल्तायमध्ये वेगळं काय घडलं?

‘सायबेरिया आहे, गोठणारच’ हे उत्तर अर्धवट आहे. उकोकवर जमीन बऱ्याच ठिकाणी मुळातच गोठलेली असते, पण पाझिरिक खोरं जवळपास ९०० मीटर खाली आहे. तिथे मोठ्या ढिगाऱ्याखाली बर्फाचं भिंग, म्हणजे भिंगाच्या आकाराचा गोठलेला थर, तयार झालं होतं. म्हणजे बर्फ ढिगाऱ्यानेच बनवला. रुदेन्कोंनाही हे कळलं होतं.

पाचव्या थडग्यावरचा दगडांचा ढीग सुमारे ४२ मीटर व्यासाचा आणि पावणेचार मीटर उंच होता. दगड नुसते रचलेले, मध्ये माती नाही, त्यामुळे आत पोकळ्यांचं जाळं. थंड हवा जड असते, हे शाळेत शिकलेलं आठवा. उणे ३० अंशांची हवा शून्य अंशाच्या तेवढ्याच हवेपेक्षा जवळपास १२ टक्के जड. हिवाळ्यात बाहेरची जड हवा फटींतून खाली उतरते, आतली तुलनेने उबदार हवा वर लोटली जाते, आणि हा अभिसरणाचा फेरा महिनोन्‌महिने चालू राहतो. थंडी थेट तळाला पोचते. उन्हाळ्यात? बाहेरची हवा हलकी, आतली जड. जड हवा आधीच तळाशी बसलेली असल्याने तिला हलायचं कारणच उरत नाही. किराणा दुकानातला वरून उघडणारा आइस्क्रीमचा फ्रीझर झाकण सरकवलं तरी गार राहतो, तो याचमुळे. आता उष्णतेला एकच वाट राहते, वहनाची: दगडातून दगडात, तीही जिथे ते एकमेकांना जेमतेम टेकतात तिथून. बाकी सगळी स्थिर हवा, म्हणजे उत्तम निरोधक. थंडी धावत आत येते, ऊब रांगत. उष्णतेला एकाच दिशेने सहज जाऊ देणाऱ्या अशा रचनेला औष्णिक डायोड म्हणतात.

हा फेरा सुरू होणार की नाही, हे रेले अंकावरून ठरतं. तापमानातला फरक, ढिगाची उंची आणि हवेला मिळणारी वाट यांचा गुणाकार, भागिले हवेचा चिकटपणा आणि उष्णतेचा विसरणांक, म्हणजे उष्णता किती वेगाने पसरते त्याचं माप. वरखाली बंद असलेल्या सच्छिद्र थरात हा अंक सुमारे ४० च्या पुढे गेला की हवा घुसळू लागते, वरून मोकळ्या थरात सुमारे २७ लाच. हवेची वाट दगडाच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दगड दुप्पट तर वाट चौपट. म्हणून मातीच्या टेकाडाखाली हे होत नाही. चीनने तिबेटमध्ये २००६ साली सुरू केलेल्या रेल्वेमार्गाखाली गोठलेली जमीन वितळू नये म्हणून याच हिशेबाने फोडलेल्या दगडांचे भराव घातले आहेत.

आता पाणी. पाऊस आणि वितळलेलं बर्फ दगडांतून झिरपून खालच्या लाकडी खोलीत उतरलं आणि गोठलं. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात, तेवढ्या उष्णतेत तेवढंच शून्य अंशाचं पाणी ८० अंशांवर जातं. रांगत आलेली उन्हाळ्यातली ऊब या खर्चातच संपते. यात चोरांचाही हातभार लागला. पाझिरिकची मोठी थडगी प्राचीन काळीच लुटली गेली होती. सोनं गेलं, पण त्यांनी पाडलेल्या भोकांतून पाणी आत जाणं सोपं झालं आणि त्यांना नको असलेला गालिचा आपल्याला मिळाला.

बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं का? मला नाही वाटत. त्यांनी मेंदू आणि आतडी काढून, शरीरात गवत-वनस्पती भरून, कातडी शिवून प्रेतं टिकवली होती. बर्फावर भरवसा असता तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

भूकंपाचं सांगायचं राहिलं. २७ सप्टेंबर २००३ रोजी अल्तायला ७.३ क्षमतेचा धक्का बसला, थडगं उघडल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी. एवढा सावकाश शाप! अल्ताय अजूनही दाबला जातोय, कारण भारताचा भूखंड आशियात घुसतो आहे. हिमालय उभा करणारा हा रेटा तिथवर पोचतो. म्हणजे आरोपी शोधायचाच असेल तर तो आपल्या पायाखाली आहे. तरीही अल्तायच्या लोकांनी आपली पूर्वज परत मागितली, ती मागणी शापावाचूनही रास्त होती. २०१२ पासून ती गोर्नो-अल्तायस्कच्या संग्रहालयात आहे.

न उघडलेली थडगी अजून बरीच आहेत आणि अल्ताय तापतो आहे. बातम्यांत कडक उन्हाळ्यांचे आकडे येतात. पण वरचा हिशेब बघता, मोठ्या ढिगाऱ्यांना उन्हाळ्यापेक्षा जास्त धोका सौम्य हिवाळ्याचा आहे. आतबाहेरच्या तापमानातला फरक घटला की रेले अंक उतरतो, हवा घुसळायची थांबते आणि वर्षभराची थंडीची बेगमीच होत नाही. जाड हिमथराने फटी बुजल्या तरी तेच. सावली धरणं किंवा अलास्कातल्या तेलवाहिनीच्या खांबांसारख्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बसवणं, असे उपाय आहेत. पण शेकडो ढिगाऱ्यांपैकी कुणाखाली बर्फ आहे हे आधी कळायला हवं, तेही न खणता.